लाल पिठाला आधण

सोलापूर,
बुधवार, दुपार

प्रिय मथुरा,

सप्रेम जय भीम.

पाकीट बघून दचकली असशील. रोज सकाळी मोबाइलवर फुलांची चित्रं पाठवणारी नागू आज चक्क कागद घेऊन बसली, म्हणजे काहीतरी भानगड आहे हे तू ओळखलंच असणार. आहे भानगड. तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. फोनवर तू मला बोलू देतेस कुठं? तुझे गुडघे, सुनेची नोकरी, तुझ्या लेकाच्या, अजिंक्यच्या, कारखान्यातल्या पाळ्या, उसाची तोड, एवढं सगळं ऐकून होईपर्यंत माझा धीर संपतो. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही. आधी हे एकटीनं शेवटपर्यंत वाच, मग तुझ्या आईजवळ, अव्वाजवळ जाऊन बस, कारण निम्मं पत्र त्यांना आहे. आणि पत्राबरोबर आलेला स्टीलचा डबा अजून उघडू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते.

आमच्याकडे पाहुण्या आल्या होत्या, त्यांचे फोटो तू पाहिलेसच. अंगणवाडीतून निवृत्त होऊन मी कडक भाकरीचं केंद्र काढलं तेव्हा तू केवढी हसली होतीस. चुलीचा कंटाळा म्हणून नोकरी धरलीस आणि म्हातारपणी सोळा बायका गोळा करून परत चुलीपुढंच बसलीस, असं म्हणालीस. पण त्याच भाकरीसाठी टांझानियातून पाच बायका विमानानं आल्या की नाही? डोडोमा नावाचा भाग आहे तिकडं. पाऊस आपल्यासारखाच लहरी. मका लावला तर जळतो आणि ज्वारी तेवढी तग धरते. पण ज्वारी म्हणजे गरिबाचं खाणं, शहरात तिला कुणी विचारत नाही. आपली भाकरी मात्र कडक केली की महिनोन्‌महिने टिकते, दुकानात ठेवता येते, शाळेत पाठवता येते. तेव्हा तिकडच्या बायकांनी ही विद्या शिकावी आणि आपल्या गावात असंच केंद्र काढावं, असं दोन्ही सरकारांनी आणि एका जागतिक संस्थेनं मिळून ठरवलं. दिल्लीच्या रेश्मा मॅडम सगळं बघत होत्या. मुक्काम सहा आठवड्यांचा. अट एकच होती. शेवटच्या आठवड्यात समितीची माणसं येणार आणि ह्या बायकांनी त्यांच्यासमोर आपल्या स्वतःच्या ज्वारीची भाकरी करून दाखवायची. जमली तर तिकडं केंद्र, गिरणी आणि तीन वर्षांची मदत. नाही जमली तर फाईल बंद.

पाचजणींची पुढारी नेएमा. आमच्या बायका तिला नीमा म्हणायच्या आणि तिनं ते मुकाट्यानं मान्य केलं. वय चाळिशीचं, उंच, हसली की सगळं केंद्र हसायचं. त्यांच्या भाषेत बहिणीला ‘दादा’ म्हणतात. ती मला दादा म्हणायला लागली तेव्हा आमच्या बायकांनी तव्यावरच्या भाकऱ्या जाळल्या, इतक्या हसल्या. तिनं पहिल्याच दिवशी मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. माळावर विटांच्या चार भिंती, वर छप्पर नाही. तिच्या गावच्या तीस बायकांनी स्वतः विटा पाडून केंद्राच्या भिंती उभ्या केल्या होत्या. नेएमानं फोटोतल्या मोकळ्या आभाळावर बोट ठेवलं आणि मग ते बोट माझ्याकडे केलं. त्यांच्याबरोबरची दुभाषी पोरगी काही सांगायच्या आतच मला कळलं. ह्यांचं छप्पर माझ्या हाताखालून जाणार होतं.

पहिले तीन आठवडे मी हवेत होते बघ. आपल्या मालदांडी ज्वारीचं ताजं पीठ, गार पाणी, तळहाताच्या टाचेनं मळणं, परातीत थापणं. पहिल्या दिवशी नकाशे झाले, आठव्या दिवशी चंद्र झाले. शेंगाचटणी तर त्या नुसती बोटानं चाटून खायच्या. मी रेश्मा मॅडमना सांगून टाकलं, समिती उद्या आली तरी चालेल म्हणून. मग चौथ्या आठवड्यात त्यांनी आणलेलं पोतं फोडलं आणि मी मूठभर दाणे हातात घेतले. दाणा लाल होता, मथुरा. गडद, विटकरी लाल, बारीक आणि टणक. आपल्या गिरणीवाल्या सिद्धप्पानं दळून दिलं आणि पीठ चिमटीत चोळून म्हणाला, “नागूबाय, ह्या पिठात विरीच न्हाय की, चिकटपना न्हाय. भाकरी धरायची न्हाय बगा.” मी त्याला म्हटलं, तू दळायचं बघ.

पण त्याचं खरं होतं. गार पाण्यात पीठ गोळाच होईना. थापायला घेतलं की कडेनं चिरा, उचलायला गेलं की दोन तुकडे, तव्यावर पडेपर्यंत चार. मी करून पाहिली, माझीही मोडली. चाळीस वर्षांचा हात माझा, आणि पाच परक्या बायकांसमोर भाकरी मोडली. मग मी काय केलं असेल? मीच त्यांना रागावले. मळण्यात जोर नाही म्हटलं, पाणी जास्त झालं म्हटलं, पीठ चाळून घ्या म्हटलं. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी नेएमानं कुणाला न विचारता पातेल्यात पाणी घेतलं, शेगडीवर ठेवलं आणि त्याला उकळी येण्याची वाट बघत उभी राहिली. मी तरातरा गेले आणि गॅस बंद केला. इथं असलं चालत नाही, असं म्हणाले. दुभाषी पोरीनं ते सौम्य करून सांगितलं असणार, पण माझा चेहरा सौम्य करणं तिच्या हातात नव्हतं. नेएमानं पातेलं उचललं, पाणी मोरीत ओतलं आणि परत गार पाण्यात पीठ मळायला बसली. मोडकी भाकरी तव्यावर टाकताना तिचे डोळे भरले होते, आणि मी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

आता तू म्हणशील, पाणी उकळायला ठेवलं तर एवढं काय बिघडलं? तुला खरंच आठवत नाही का गं? बावन्न-त्रेपन्न वर्षांत तू एकदाही तो विषय काढला नाहीस आणि मीही नाही. तुझ्या लग्नात नाही, माझे हे गेले तेव्हा तू आठ दिवस येऊन राहिलीस तेव्हाही नाही. तुला आठवतंय म्हणून गप्प आहेस की विसरलीस म्हणून, ते मला कधी कळलंच नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

बहात्तरचा दुष्काळ. आपण मैंदर्गीच्या शाळेत दुसरीत. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली होती, मिलो म्हणायचे तिला. तिकडं ती डुकरांना घालतात असं मोठी माणसं म्हणायची आणि शिव्या देत देत रांगेत उभी राहायची. जहाजं भरभरून धान्य आलं खरं, त्यानं आपण जगलो, मी त्याला कधी नावं ठेवणार नाही. पण ते खायचं कसं हे सांगायला मात्र कुणी आलं नाही. घरोघरी भाकरी मोडायची. माणसं तुकडे पाण्यात कालवून प्यायची. आमच्या घरी मात्र भाकरी अख्खी व्हायची, कारण माझ्या आईनं, भीमाबाईनं, त्या लाल ज्वारीची खोड ओळखली होती. दुष्काळी कामावर खडी फोडून आली की आधी आधण ठेवायची. पाण्याला खळाखळा उकळी आली की त्यात पीठ सोडायचं, उलथन्यानं हलवायचं, झाकून ठेवायचं, आणि हाताला सोसेल इतकं निवलं की मळायचं. मी ती लाल भाकरी शाळेत आणायचे आणि तू भिंतीमागं माझ्यातली अर्धी खायचीस. तुमच्या घरच्या पांढऱ्या ज्वारीचं जमिनीतलं पेव केव्हाच रिकामं झालं होतं, हे गावाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण तुला भूक लागलेली असायची.

तूच घरी सांगितलंस. नागूकडची भाकरी मोडत नाही म्हणून. मग एका दुपारी, सगळी गल्ली खडीच्या कामावर गेलेली असताना, तुझा हात धरून तुझी अव्वा आमच्या दारात आली. आई त्या दिवशी ताप आला म्हणून घरी होती. सावित्रम्मा तेव्हा पंचविशीच्या असतील, डोक्यावर पदर, पदराखाली पिठाची पिशवी. सासऱ्यांनी मोडक्या भाकरीचं ताट भिरकावलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी घरात पाहुणे येणार होते. आईनं त्यांना आत या म्हटलं. त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, इथूनच बघते म्हणाल्या. आईनं आधण ठेवलं. पण उंबऱ्यातून पातेल्यातलं दिसेना. पीठ किती सोडायचं, केव्हा थांबायचं, ते जवळ बसल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतंच. त्यांनी एकदा गल्लीत मागं वळून पाहिलं आणि मग आत आल्या, आणि आमच्या चुलीपुढं बसल्या. आई सांगत होती, “बाय, लई गरम हाय, हात घालू नगा, आदी उलतन्यानं हालवा.” त्यांनी स्वतःच्या हातानं मळली, स्वतः थापली. भाकरी अख्खी उतरली तेव्हा त्या लहान मुलीसारख्या हसल्या होत्या. आमच्याकडे तव्यावरची पहिली भाकरी करणाऱ्या बाईनं खायची अशी रीत होती. आईनं ती मोडली, अर्धी त्यांच्यासमोर धरली, वर मिरचीचा ठेचा. त्यांनी त्या अर्ध्या भाकरीकडे पाहिलं. आई खाली तव्याकडे बघत होती. आणि मग तुझ्या अव्वानं ती घेतली आणि खाल्ली. सगळी खाल्ली, ठेच्यासकट.

जाताना त्यांनी आपल्या दोघींना जवळ घेतलं. “यारिगू हेळब्याड,” असं तुला म्हणाल्या, आणि मला कानडी कळतं की नाही ह्याची शंका आली म्हणून मला मराठीत, “मी जित्ती हाय तवर कुणाला सांगू नगंस, माजी बाय.” मी मान डोलवली. आठ वर्षांची मी, मला वाटलं लाल ज्वारीची गोष्ट सांगायची नाही. बारा-तेरा वर्षांची झाले तेव्हा उमजलं की ज्वारीचं नव्हतं ते, आमच्या घरात बसून खाल्ल्याचं होतं. त्या दिवसापासून मला तुझ्या अव्वाचा राग आला, मथुरा. खूप राग. आमच्याच चुलीवर शिकल्या, आमच्याच हातचं खाल्लं आणि त्याचीच लाज धरली. तुमच्या घरी आले की मी ओसरीवरूनच परत जायचे, आणि तुला वाटायचं मी लाजते. शब्द मात्र मी पाळला. तो मोडण्याइतकीही त्यांच्याशी जवळीक नको, असा तो हट्ट होता.

तर त्या दिवशी, नेएमानं पाणी ओतून दिलं त्या दिवशी, मी दुपारचा चहा घ्यायला बाहेरच्या कट्ट्यावर बसले. आमच्या धंद्यात आधणाची भाकरी म्हणजे कमीपणा. पीठ जुनं झालं, विरी गेली, की झाकायला करतात ती. नाव गेलं की गिऱ्हाईक गेलं. केंद्राच्या भिंतीवर मीच मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय की इथं फक्त गार पाण्यातली भाकरी होते. तेव्हा उपाय मला पहिल्याच दिवशी ठाऊक होता. लाल दाणा बघितल्याक्षणी मला आईचं पातेलं दिसलं होतं. आणि तरी मी तीन दिवस गप्प बसले आणि दुसऱ्या बाईनं पेटवलेला गॅस बंद केला. का? तर सोलापूरच्या नागूबाईची लाज राहावी म्हणून. चहा तसाच राहिला. तुझ्या अव्वावरचा पन्नास वर्षांचा राग वळून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्या निदान पंचविशीच्या होत्या, सासरी होत्या, घाबरलेल्या होत्या. मी कुणाला भीत होते? मला माझीच शिसारी आली, खरं सांगते.

मी आत गेले आणि स्वतः आधण ठेवलं. पाण्याला उकळी आली, मी लाल पीठ सोडलं, उलथन्यानं फिरवलं, आणि नेएमा ओरडलीच. टाळ्या काय वाजवल्या, उड्या काय मारल्या. पाचहीजणी एकदम बोलायला लागल्या. दुभाषी पोरीला हसू आवरेना. म्हणाली, मावशी, ह्या रोज हेच करतात. त्यांचं ‘उगाली’ म्हणून रोजचं जेवण असतं, ते असंच उकळत्या पाण्यात पीठ घालून घोटतात, आपल्या उकडीसारखं. त्यांना पहिल्या दिवसापासून हेच सुचवायचं होतं, पण तुम्ही गुरू, म्हणून गप्प बसल्या. घे! मी ज्याला माझ्या आईचं गुपित समजून छातीशी धरून बसले होते, ते त्या बायकांच्या तळहातावर होतं. मग नेएमानं माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि मला बाजूला सारलं. तिचा हात माझ्यापेक्षा सराईत. पाणी किती, झाकण किती वेळ, कुठल्या क्षणी खाली उतरवायचं, तिनं मला शिकवलं. पातळ थापणं, पदर सुटेल असं भाजणं, मंद आचेवर कडक करणं मी तिला शिकवलं. आईची उकड नेहमी थोडी गुठळ्यांची व्हायची, नेएमाची लोण्यासारखी. पहिली लाल भाकरी कडक होऊन उतरली आणि मोडताना कट्टकन वाजली, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. आमच्या सोळाजणीही रडल्या, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

समिती आली, भाकऱ्या झाल्या, पास झालो. एका साहेबांनी तर तीन खाल्ल्या आणि चौथी खिशात घातली. छपराला मंजुरी मिळाली, मथुरा. नेएमानं तिथूनच गावी फोन लावला, आणि पलीकडून तीस बायकांचा जो गलका ऐकू आला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. जाताना ती भिंतीवरच्या माझ्या त्या मोठ्या अक्षरांकडे बोट दाखवून मिश्कील हसली. दुसऱ्या दिवशी मी रंगवाल्याला बोलावून ती ओळ पुसून घेतली.

आता खरं ते सांगते, ज्यासाठी तीन पानं खर्ची घातली. त्या दिवशी रेश्मा मॅडमचा कॅमेरा चालू होता. त्यांनी विचारलं, ही आधणाची रीत तुम्हाला कुणी शिकवली? मी आईचं नाव सांगितलं, आणि मग माझं तोंड थांबलंच नाही. मिलो सांगितली, उंबरा सांगितला, पातेलं सांगितलं, आणि सावित्रम्मांचं नाव घेतलं. अर्धी भाकरी खाल्ल्याचंही सांगितलं. माझ्या आईची पहिली विद्यार्थिनी, असं म्हणाले मी त्यांना. अव्वा अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, तुझ्याकडे अकलूजला सुखरूप आहेत, म्हणजे मी शब्द मोडला. ती फिल्म आता तिकडच्या केंद्रांतून दाखवणार आहेत, इकडंही दिसेल. महिनाभरानं मी स्वतः डोडोमाला चालले आहे, छप्पर बघायला आणि तीस बायकांना शिकवायला. पासपोर्ट आला, फोटोत मी चोरासारखी दिसते. मॅडमना मी नंतर त्या शब्दाचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, सावित्रम्मांचा नकार असेल तर तेवढा भाग काढून टाकू, शनिवारपर्यंत कळवा. म्हणून हे पत्र. तू अव्वांना वाचून दाखव. सांग, नागूनं शब्द मोडला आणि तिला माफी हवी आहे. हेही सांग की नागूला पन्नास वर्षं तुमचा राग होता आणि आता नाही. नाव काढा म्हणाल्या तर मी काढायला लावीन, त्याबद्दल मनात काही ठेवणार नाही. ठेवा म्हणाल्या तर त्या तीस बायकांना कळेल की उंबरा ओलांडून शिकायला आलेली एक बाई आपल्याआधीही होऊन गेली. आता डबा उघड. नेएमानं शेवटच्या दिवशी केलेल्या दोन लाल भाकऱ्या आहेत त्यात, तिच्या गावच्या ज्वारीच्या. अव्वांच्या दातांना कडक लागतील, दुधात भिजव. त्या काय म्हणतील ते म्हणोत, पण भाकरी त्यांना खाऊ घाल, ओसरीवर बसवून, सून, अजिंक्य, गडीमाणसं, सगळ्यांच्या देखत. आणि विचारलं कुठून आली, तर सांग की भीमाबाईच्या घरून आली.

तुझीच,
भिंतीमागची वाटेकरी,
नागू